इंद्रलोक म्हणजे स्वर्ग, दिल्लीचं मेट्रो स्टेशन की भाईंदर पूर्व? विकिपीडियावर हे ठरवतं कोण?

‘इंद्रलोक’ म्हणजे काय, हे तीन जणांना विचारून पाहा. पुराणं वाचलेले आजोबा ऐरावत, कल्पवृक्ष आणि अप्सरांपर्यंत जातील. दिल्लीत नोकरी करणारी मावसबहीण मेट्रोच्या रेड आणि ग्रीन लाइनवरचं गाडी बदलायचं स्टेशन सांगेल. भाईंदर स्टेशनबाहेर पूर्वेला उभा असलेला रिक्षावाला मात्र फार काही न विचारता गोल्डन नेस्टच्या दिशेने हँडल वळवेल. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत.

मोबाइलवर हा शब्द टाइप केला की यातलं कोणतं उत्तर कुठे दाखवायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. मराठी विकिपीडियावर या कामाला ‘निःसंदिग्धीकरण’ म्हणतात. शब्द उच्चारताना जीभ अडखळते, पण काम सोपं आहे. एकाच नावाच्या गोष्टी वेगळ्या करायच्या आणि प्रत्येकीचा रस्ता दाखवायचा. हे करणाऱ्याला पगार नाही, ऑफिस नाही, व्हिजिटिंग कार्ड नाही. तो बँकेत असेल, शाळेत शिकवत असेल, निवृत्त असेल किंवा विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर टाइप करत असेल.

हे काम चालतं कसं, त्यात मराठी कुठे आहे आणि आपल्या राहत्या परिसराचा त्याच्याशी काय संबंध, हे समजून घेऊ.

विकिपीडिया लिहितं कोण?

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. त्याआधी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी ‘न्युपीडिया’ नावाचा प्रयोग केला होता. तिथे तज्ज्ञांनी लिहायचं, तज्ज्ञांनी तपासायचं आणि मगच लेख प्रसिद्ध करायचा, अशी शिस्त होती. शिस्त इतकी कडक, की लेखच तयार होईनात. मग निदान कच्चा मजकूर तरी जमावा म्हणून ‘विकी’ तंत्र वापरायचं ठरलं. वाचणारा कुणीही त्याच पानावर बदल करू शकतो, ते हे तंत्र. ‘विकी’ हा हवाई बेटांच्या भाषेतला शब्द, अर्थ ‘झटपट’. प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी तो होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून उचलला होता. पुढे न्युपीडिया बंद पडला आणि कच्च्या मजकुराची वही जगभर पसरली.

मराठी आवृत्ती १ मे २००३ ची. तारीख महाराष्ट्र दिनाची. सर्व्हर आणि सॉफ्टवेअर सांभाळते ती विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. जाहिराती नाहीत, खर्च मुख्यतः देणग्यांतून भागतो. मजकूर मात्र फाउंडेशन लिहीत नाही. लेख, दुरुस्त्या, भांडणं आणि समेट हा सगळा कारभार स्वयंसेवकांचा.

या जगाची मराठीत स्वतःची बोली तयार झाली आहे. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतली मराठी परिभाषा वाचून ज्यांना घाम फुटला असेल, त्यांनी ती जरूर पाहावी. सगळ्यांनी बसून चर्चा करायचं पान म्हणजे ‘चावडी’. नवख्याने हात साफ करायचं पान ‘धूळपाटी’. ठरलेली कामं न कंटाळता करणारा बॉट तो ‘सांगकाम्या’. पान सुरक्षित करायचे किंवा काढून टाकायचे जास्तीचे अधिकार ज्यांच्याकडे असतात ते ‘प्रचालक’. मुद्दाम केलेली नासधूस म्हणजे ‘उत्पात’. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवणारी पिढी ज्याच्या लक्षात होती, त्यालाच ‘सँडबॉक्स’साठी धूळपाटी सुचणार.

दोन धारावी, दोन किल्ले आणि एकच साल

संपादन म्हणजे लांबलचक लेख लिहिणं, असा समज आहे. प्रत्यक्षात बरंचसं काम चिमटीने करायचं असतं. मीरा-भाईंदरचंच उदाहरण घ्या.

वसईच्या मोहिमेबद्दल वाचताना ‘धारावी’ हे नाव पुन्हा पुन्हा येतं. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध ही मोहीम चालवली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला. या लढाईत धारावीच्या ठाण्याला फार महत्त्व होतं, कारण वसईच्या खाडीत येणारं-जाणारं तिथून नजरेच्या टप्प्यात राहतं. ही धारावी भाईंदर पश्चिमेच्या पुढची, उत्तनजवळच्या चौक गावची. तिथे किल्ल्याचे अवशेष आजही आहेत.

पण आज ‘धारावी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती सायन-माहीमजवळची, मुंबईतली. गंमत म्हणजे तिथेही एक छोटा किल्ला आहे, ‘काळा किल्ला’. त्याच्यावरच्या इंग्रजी शिलालेखात मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याचं नाव आहे आणि साल आहे १७३७. नाव तेच, किल्ला दोन्हीकडे, सालही तेच. एखाद्या संपादकाने घाईत ‘धारावी’ या शब्दाला मुंबईच्या धारावीचा दुवा जोडला, तर चिमाजी अप्पांची फौज थेट काळा किल्ला बस डेपोपाशी उतरते!

ही गफलत निस्तरायला इतिहासातली पीएचडी लागत नाही. दोन्ही ठिकाणं वेगळी आहेत हे माहीत असलेला आणि तसं सांगणारं पुस्तक हाताशी असलेला माणूस पुरतो. भाईंदरकरांना पहिली गोष्ट रविवारच्या उत्तन फेरीतच कळते. अडचण सुरू होते ती दुसरीपासून.

‘मला माहीत आहे’ एवढं पुरत नाही

समजा, इंद्रलोकमध्ये वीस वर्षं राहणाऱ्या एका काकांनी ठरवलं की आपल्या परिसरावर लेख लिहायचा. त्यांना सगळं ठाऊक आहे. कोणत्या फेजच्या जागी आधी काय होतं, पाणी कोणत्या वर्षापासून नीट यायला लागलं, पावसात आधी कोणता रस्ता तुंबतो. ते दोन तास बसून लिहितात, सेव्ह करतात आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तर वाक्यावाक्याला चिकटलेली पाटी: ‘संदर्भ हवा’. कधी कधी तर अख्खं पानच गायब.

काका चिडणार. ‘मी इथे राहतो, मला विचारा की!’ राग समजण्यासारखा आहे. पण नियम असा आहे की जी गोष्ट आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध झाली आहे आणि वाचणाऱ्याला पडताळून पाहता येते, तीच विकिपीडियावर लिहायची. स्वतःचं नवं संशोधन तिथे पहिल्यांदा मांडायचं नाही. वादाच्या विषयात एका बाजूचं वकीलपत्र घ्यायचं नाही. शिवाय विषय ‘उल्लेखनीय’ हवा, म्हणजे त्या विषयाशी हितसंबंध नसलेल्या लोकांनी त्यावर पुरेसं लिहिलेलं असावं. बिल्डरचं ब्रोशर इथे चालत नाही. त्यात सगळं खोटंच असतं असं नाही, पण घर विकणाऱ्याने स्वतःच्या घराला दिलेलं ते प्रमाणपत्र असतं.

पहिल्यांदा वाचताना हा नियम उफराटा वाटतो. खरं काय ते महत्त्वाचं की छापलेलं काय ते? विकिपीडियाची बाजू अशी: लिहिणारा कोण आहे, हे कळायला इथे मार्ग नाही. ‘काका’ खरोखर इंद्रलोकचे रहिवासी आहेत, फ्लॅट विकायला निघालेला एजंट आहे की टाइमपास करणारा कॉलेजचा मुलगा, हे पलीकडच्याला दिसत नाही. माणसाची ओळख तपासता येत नाही, म्हणून वाक्याची तपासायची. वाक्यापुढचा छोटा आकडा दाबला की पुस्तकाचं, वर्तमानपत्राचं किंवा सरकारी अहवालाचं नाव, तारीख आणि पान क्रमांक दिसला पाहिजे.

मग इंद्रलोकचा लेख उभा राहील का? स्वतंत्र लेख अवघड आहे. नव्या वसाहतींवर कुणी ग्रंथ लिहीत नाही. बातम्या येतात त्या पाणी, खड्डे आणि अपघातांच्या. पण ‘भाईंदर’ किंवा ‘मीरा-भाईंदर’च्या लेखातला एक चांगला परिच्छेद म्हणून तो नक्की उभा राहू शकतो आणि त्याच्या आजूबाजूला भरायला सामग्री भरपूर आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८२ मध्ये निघालेला तेरावा खंड ठाणे जिल्ह्याचा आहे. खाड्या, बंदरं, शेती, मिठागरं, जुने किल्ले असं बरंच काही त्यात आहे आणि प्रताधिकार केव्हाच संपल्यामुळे तो कुणीही मुक्तपणे वापरू शकतो. वसई मोहिमेचे मराठी कागद हवे असतील, तर गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आहेत. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ मध्ये झाली, महापालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजार ३७८ होती. ही माहिती सरकारी कागदावर आहे, म्हणजे तिला आकडा लावता येतो.

काकांच्या आठवणींचं काय, हा प्रश्न मात्र उरतोच. मिठागरांच्या शेजारी इमारती कशा उभ्या राहिल्या, आगरी-कोळी आणि ईस्ट इंडियन गावांच्या मधून नवं शहर कसं वाढलं, कोणत्या गावाहून आलेल्या लोकांनी कुठे पहिली घरं घेतली, हे लोकांच्या डोक्यात आहे. कागदावर ते असतं ते सोसायटीच्या स्मरणिकेत, शाळेच्या रौप्यमहोत्सवी अंकात किंवा स्थानिक साप्ताहिकाच्या जुन्या फाइलमध्ये. ही फाइल घर बदलताना रद्दीत जाते, किलोच्या भावाने.

मराठी विकिपीडियाचा मोठा अडथळा तंत्रज्ञानाचा नाही, तो इथे आहे. जे माहीत आहे ते छापलेलं नाही आणि जे छापलेलं आहे ते फोनवर सापडत नाही. इंग्रजी संपादकाला घरबसल्या शंभर वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं चाळता येतात. मराठी संपादकाला बहुतेक वेळा ग्रंथालय गाठावं लागतं, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे विचारावं लागतं. म्हणूनच काकांनी चिडून लॉगआउट करण्यापेक्षा आठवणी आधी एखाद्या दिवाळी अंकाला किंवा वर्तमानपत्राच्या स्थानिक पुरवणीला पाठवाव्यात. तिथे संपादकाच्या हाताखालून जाऊन छापून आल्या, तर उद्या दुसरा कुणीतरी तो अंक संदर्भ म्हणून देऊ शकतो. रस्ता लांबचा आहे, पण आहे.

भाग विकून काढलेला ज्ञानकोश

मराठी माणसाला ज्ञानकोशाचं वेड नवं नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४-१९३७) अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परत आले आणि त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ हाती घेतला. २३ खंड! त्यासाठी पैसा हवा म्हणून त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार जमवले. आज ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात, ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी पायाला भिंगरी बांधून केलं. १९२० च्या दशकात एकामागून एक खंड बाहेर पडले. अलीकडे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने हा कोश इंटरनेटवर आणला आहे. एखाद्या जुन्या गावाची किंवा जातीजमातीची नोंद शोधताना तो आजही कामाला येतो, फक्त ती माहिती आणि ती नजर शंभर वर्षांपूर्वीची आहे, हे विसरायचं नाही.

नंतर दाते-कर्वे यांचा ‘सुलभ विश्वकोश’ आला, पं. महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ आला. आणि वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘मराठी विश्वकोश’ सुरू झाला. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. म्हणजे पहिला खंड शाळेत असताना पाहिलेला विद्यार्थी शेवटच्या खंडापर्यंत निवृत्तीच्या वयाला टेकला.

कागदी कोशाचा वेग हा असा. पण त्याची एक गोष्ट विकिपीडियात सहजी मिळत नाही. विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, म्हणजे चुकलं तर कुणाला विचारायचं ते ठाऊक असतं. विकिपीडियाच्या लेखामागे असते टोपणनावांची लांबलचक रांग. दोन्हींची सवय असावी, एवढंच म्हणता येईल.

शेजारच्या गोव्याने एक चांगली वाट दाखवली आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला. त्यामुळे त्यातला मजकूर श्रेय देऊन कुणालाही वापरता येऊ लागला. कोंकणी विकिपीडिया २०१५ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाला, तेव्हा ही शिदोरी तयार होती.

मराठीत लेख किती?

२०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा मराठी असल्याचं सांगितलं. मराठी विकिपीडियावर लेख आहेत एक लाखाच्या घरात. इंग्रजीत ते सत्तर लाखांहून जास्त आहेत, पण ती तुलना सोडून देऊ. तमिळ, बंगाली आणि हिंदी हे तिघेही दीड लाखाच्या पुढे आहेत. मराठीत नियमित बदल करणाऱ्यांची संख्या तर हजारांत नाही, शेकड्यांत मोजावी लागते. प्रचालक बोटांवर मोजण्याइतके.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. जुलै २०२५ मध्ये मराठीच्या मुद्द्यावर मीरा रोडला मोर्चा निघाला आणि हे शहर देशभरच्या टीव्हीवर झळकलं. त्या मोर्चाबद्दल मतं वेगवेगळी असतील. पण याच शहराच्या मराठी लेखात चार संदर्भासहित ओळी घालायला ना पोलिसांची परवानगी लागते, ना झेंडा.

अर्थात नुसत्या आकड्यांच्या मागे लागण्यातही अर्थ नाही. फिलिपाइन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियावर साठ लाखांहून जास्त लेख आहेत. त्यातले बहुतेक एका स्वीडिश संपादकाच्या सांगकाम्याने तयार केलेले, प्राणी-वनस्पतींचे आणि ठिकाणांचे. स्कॉट्स भाषेची कथा त्याहून वाईट. तिथले हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते आणि त्याला ती भाषा नीट येतच नव्हती, हे २०२० मध्ये उघड झालं. तो इंग्रजी वाक्यांना स्कॉट्ससारखी दिसणारी फोडणी देत होता. वर्षानुवर्षं हे चाललं, कारण पानं उघडून ‘अरे, असं कुणी बोलत नाही’ म्हणायला पुरेशी माणसंच तिथे नव्हती.

मराठीत हा आजार वेगळ्या रूपात दिसतो. महाराष्ट्रातल्या गावांचे लेख उघडा. ‘भौगोलिक स्थान’, ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’, ‘जवळपासची गावे’ हे मथळे अनेक ठिकाणी ओळीने मांडलेले आढळतात. मथळ्यांखाली मात्र काही नाही, किंवा जे आहे ते शेजारच्या गावालाही तसंच्या तसं लागू पडेल. कुणीतरी डबे मांडून ठेवलेत, डाळ-तांदूळ त्या गावच्या माणसाने भरायचेत. दुसरा त्रास मशीन ट्रान्सलेशनचा. वाक्य मराठी, शब्दही मराठी, पण कुठल्याच मराठी माणसाच्या तोंडी न बसणारं. असं एक वाक्य मोडून सरळ करणं, हेसुद्धा संपादनच आहे आणि त्याला संदर्भग्रंथ लागत नाही.

कुणीही बदलू शकतं, मग विश्वास कसा ठेवायचा?

‘प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये विकिपीडियाचा संदर्भ चालणार नाही’ हे वाक्य प्रत्येक इंजिनिअरने व्हायवाआधी ऐकलेलं असतं. सरांचं बरोबर असतं. विकिपीडियाचे नियमही हेच सांगतात की एका लेखाला दुसऱ्या विकिपीडिया लेखाचा पुरावा देऊ नका. तिथून खालच्या संदर्भांकडे जायचं आणि ते वाचायचे.

२००५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. अमेरिकन पत्रकार जॉन सायगनथॅलर यांच्यावरच्या लेखात कुणीतरी गंमत म्हणून त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्येशी जोडला आणि हे खोटं चार महिने तसंच राहिलं. बोभाटा झाल्यावर इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवे लेख तयार करायला बंदी घातली. त्याच वर्षाच्या शेवटी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानाच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात चुका आणि उणिवा निघाल्या १६२, ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकाने हे निष्कर्ष साफ नाकारले. पण फुकट काम करणारी माणसं इतकी जवळ पोहोचली, हेच अनेकांना धक्कादायक वाटलं. ब्रिटानिकाने २०१२ मध्ये छापील आवृत्ती बंद केली.

चुका धरल्या जातात त्या एका साध्या सोयीमुळे. प्रत्येक बदल साठवला जातो. ‘इतिहास पहा’ दाबलं की कोणत्या खात्याने, कोणत्या मिनिटाला, कोणता शब्द काढला किंवा घातला ते दिसतं आणि एका क्लिकवर जुनी आवृत्ती परत आणता येते. गिट वापरणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. आपल्याला काळजी असलेली पानं संपादक ‘पहाऱ्याच्या सूची’त घालून ठेवतात, तिथे कुणी हात लावला की त्यांना कळतं. अडचण एवढीच, की पहारेकरी शंभर असले तर चोरी पाच मिनिटांत सापडते आणि पाचच असले तर पाच महिने जातात. निवडणूक जवळ आली की नेत्यांच्या पानांवर अचानक विशेषणांचं पीक येतं, ते कापायलाही माणसं लागतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हा विषय थेट पोलिसांपर्यंत गेला. ‘छावा’ चित्रपट गाजत होता आणि छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी विकिपीडिया लेखातल्या मजकुरावरून संताप उसळला. महाराष्ट्र सायबर विभागाने फाउंडेशनला नोटीस पाठवली, काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदवला. त्या मजकुराची बाजू घ्यायचं इथे कारण नाही. पण एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: इंग्रजी विकिपीडियावर मराठी पुस्तकाचा संदर्भ चालतो. भाषेची अट नाही, पुस्तक विश्वासार्ह हवं. संभाजी महाराजांची जुनी बदनाम प्रतिमा पुसण्याचं मोठं काम वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने केलं, कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ही आहे. ही पुस्तकं मराठी वाचकाच्या कपाटात आहेत. लेखाच्या चर्चा पानावर पान क्रमांकासकट ती मांडणारा माणूस गुन्हा नोंदवण्याच्या कितीतरी आधी तिथे पोहोचू शकतो.

न्यायालयातही विकिपीडिया आहेच. एएनआय वृत्तसंस्थेच्या बदनामी खटल्यात, त्या खटल्याविषयीचंच विकिपीडिया पान काढून टाका, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला होता. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. खंडपीठात होते न्या. अभय ओक, ज्यांनी वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात.

एआय सगळं सांगतो, मग हे कशाला?

कारण तो जे सांगतो त्यातलं बरंच इथूनच शिकलेला असतो. चॅटबॉट घडवताना विकिपीडियाचा मजकूर सर्रास वापरला जातो. गुगलवर नाव शोधल्यावर शेजारी येणाऱ्या चौकटीतही अनेकदा तोच असतो. म्हणजे मराठी लेखात दोन धारावींचा घोळ असेल, तर उद्या तो घोळ एखादा चॅटबॉट अगदी आत्मविश्वासाने, छान परिच्छेद पाडून तुमच्या मुलीला प्रोजेक्टसाठी देईल.

गंमत, किंवा चिंता, पुढे आहे. उत्तर चॅटबॉटमध्येच मिळाल्यावर मूळ पान उघडायला कोण जातं? माणसांकडून होणाऱ्या पानांच्या भेटी आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याचं विकिमीडिया फाउंडेशननेच ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. वाचकच आले नाहीत, तर त्यातून होणारे नवे संपादकही येणार नाहीत. मोठ्या भाषांना हा फटका पचेल. शेकड्यांत संपादक असलेल्या भाषेचं गणित वेगळं आहे.

फोनवरून काय करता येईल?

खातं उघडा, फुकट आहे. खरं नाव द्यायची सक्ती नाही, टोपणनाव चालतं. जीबोर्डवर मराठी कीबोर्ड असेल तर वेगळं काही बसवावं लागत नाही. पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायला जाऊ नका. धूळपाटीवर दोन-चार वाक्यं लिहून पाहा, मग एखाद्या लेखातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारा, मग एखाद्या ‘संदर्भ हवा’ पाटीसाठी पुस्तक शोधा. स्वतःबद्दल, स्वतःच्या कंपनीबद्दल, सासऱ्यांच्या पक्षाबद्दल लिहिणं टाळा. हितसंबंध असेल तर चर्चा पानावर तसं सांगून सुचवा.

कॉपी-पेस्ट हा सगळ्यात मोठा फास. वर्तमानपत्रातला, पुस्तकातला, दुसऱ्या वेबसाइटवरचा मजकूर जसाच्या तसा टाकला तर तो काढला जातो. माहिती घ्या, वाक्य स्वतःचं लिहा. भारतात प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. त्यामुळे केतकरांचं लेखन आज मोकळं आहे, कालपरवाच्या लेखकाचं नाही. अशी मोकळी जुनी मराठी पुस्तकं टाइप करून ठेवण्यासाठी ‘विकिस्रोत’ हा भाऊबंद प्रकल्प आहे. लिहायचा कंटाळा असणाऱ्यांनी तिथे स्कॅन केलेल्या पानाशी मजकूर ताडून पाहावा, घरातल्या निवृत्त शिक्षकांना हे काम विशेष आवडतं.

आणि फोटो. ‘विकिमीडिया कॉमन्स’वर तुम्ही स्वतः काढलेला फोटो टाकता येतो, गुगलवरून उचललेला नाही. तो मुक्त परवान्याखाली जातो, म्हणजे तुमचं नाव देऊन कुणीही वापरू शकतं, अगदी व्यापारासाठीही. ही अट मान्य असेल तरच टाका. चौकचा धारावी किल्ला, घोडबंदरचा किल्ला, भाईंदरच्या खाडीवरचा रेल्वे पूल, उरलीसुरली मिठागरं, सगळं एका रविवारच्या अंतरावर आहे. फोटोखाली ठिकाण आणि तारीख नक्की लिहा. मिठागरांच्या बाबतीत तर तारीखच जास्त महत्त्वाची ठरणार आहे.

तुमचा पहिला बदल कुणी उलटवला, तर ‘इतिहास पहा’मध्ये बहुतेक वेळा कारण लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. पटलं नाही तर चर्चा पानावर किंवा चावडीवर विचारा. उत्तर यायला कधी कधी दोन-तीन दिवस लागतात. पलीकडचा माणूसही ऑफिस, लोकल आणि जेवण उरकल्यावरच लॉगिन करतो.